बारा सुपाऱ्यांसाठी दोन

कोकणातून घाट चढून आलेले बैल जिथे पहिल्यांदा पाण्याला तोंड लावत, तिथे करंजखिंड नावाचं गाव होतं. त्या गावात आवडाबाई नावाची एक मिठाची व्यापारीण राहत असे. बैलांच्या पाठीवर गूळ लादून घाट उतरायचा आणि मीठ लादून वर यायचं, हा तिच्या घरचा पिढीजात धंदा. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता बैल विकेल आणि घरात बसेल. ती बसली नाही. तिने पुढच्या बैलाचा कासरा हाती घेतला आणि तांड्याच्या पुढे चालू लागली. घाटाच्या तोंडाशी खारा वारा अंगावर आला की तिला फार बरं वाटे. तसं सुख तिला दुसऱ्या कशात मिळत नव्हतं.

आवडाबाईला एक खोड होती. तिला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल. ज्या वाऱ्याने दिवा विझतो त्याच वाऱ्याने चूल का पेटते? बैल उतारावर जास्त दमतो की चढावर? ओलं मीठ वाळलं तर गोणीतून नेमकं काय कमी होतं? लोक म्हणत, हिच्या तोंडात ‘का’ नसता तर ही मुकीच झाली असती.

त्या गावात दिवाळीच्या पाडव्याला पत्ते खेळायची चाल होती. जुगार चांगला, असं इथे कुणाचं म्हणणं नाही. पण पाडव्याच्या दिवशी सारं करंजखिंड चावडीपुढे बसून खेळे, आणि देवळातला देवही तेवढ्या दिवसापुरता काणाडोळा करत असावा. पैसे मात्र कुणी लावत नसे. सुपाऱ्या लावत. एक सुपारी म्हणजे मिठाची एक गोणी. खेळ संपला की जिंकणाऱ्याच्या घरी तेवढ्या गोण्या निमूट पोचत्या होत.

खेळ अगदी सोपा. गोल, रंगवलेली पानं असत. कुणावर मासा, कुणावर कासव, कुणावर सिंह. दोघांनी समोरासमोर बसायचं. हातातली पानं सगळ्यांसमोर उघडी ठेवायची, त्यात लपवाछपवी नाही. शेवटी चारच पानं झाकलेली उरत. त्यांतलं एक उघडलं की डाव कुणाचा ते ठरे. ते उघडण्याआधी मात्र कुणीही आपल्या सगळ्या सुपाऱ्या मधल्या थाळ्यात लोटू शके. मग समोरच्याने तेवढ्याच सुपाऱ्या घालायच्या, नाहीतर डाव सोडून द्यायचा.

आणि एक चाल होती, ती फक्त करंजखिंडीतच होती. डाव सोडला तरी ते झाकलं पान उघडायचंच. काय आलं असतं ते सगळ्या गावाने बघायचं. त्या एका पानावरून त्या माणसाची वर्षाची अक्कल ठरे. ज्याचा निर्णय त्या पानाने खरा ठरवला त्याला लोक विहीर कुठे खणू ते विचारत, मुलीला स्थळ कुठलं बघू ते विचारत. ज्याचा खोटा ठरवला त्याला बैलाची किंमतसुद्धा कुणी विचारत नसे. एवढं शहाणं गाव होतं ते.

गावात हैबतराव नावाचे इनामदार होते. गडी दिलदार, पण आवाज मोठा. ते सुपाऱ्या हळूच सरकवत नसत. सगळ्या ओंजळीत घेऊन थाळ्यात अशा आपटत की थाळा घणघणे. बहुतेक जण तिथेच हात जोडून उठत. हैबतरावांची अर्धी जीत त्या आवाजाचीच होती.

एका पाडव्याला आवडाबाई त्यांच्यासमोर बसली. डाव पुरता रंगलाही नव्हता. थाळ्यात चारच सुपाऱ्या होत्या. शेवटची चार पानं झाकलेली उरली. त्यांतल्या एकावर कासव होतं. ते आलं तर डाव तिचा, दुसरं कुठलंही आलं तर हैबतरावांचा. हैबतरावांनी बारा सुपाऱ्या उचलल्या आणि थाळ्यात आपटल्या.

“घाला, आवडाबाई! घालता का उठता?”

आवडाबाईने थाळ्याकडे पाहिलं. चार आणि बारा मिळून सोळा. त्या सोळांसाठी तिला बारा घालायच्या होत्या. ती स्वतःशीच पुटपुटली, “असा डाव चारदा आला तर?” चारांत तीनदा दुसरं पान येणार, बारा-बारा जाणार. त्या झाल्या छत्तीस. एकदा कासव येणार, सोळा मिळणार. छत्तीस देऊन सोळा घेणारा व्यापारी तिने अजून बघितला नव्हता. तिने पानं खाली ठेवली.

चालीप्रमाणे झाकलं पान उघडलं. कासव!

सगळी चावडी हळहळली आणि मग हसली. तिचा धाकटा दीर नरसूशेट तर कपाळावर हात मारून घेत म्हणाला, “वैनी, सोळा गोण्या दारात आल्या हुत्या! भ्यालासा तुमी!” आवडाबाईलाही वाईट वाटलं होतंच. पण वाईट वाटणं वेगळं आणि चुकणं वेगळं, असं काहीतरी तिच्या मनात घोळत होतं. त्या वर्षी तिला कुणी विहीर कुठे खणू ते विचारलं नाही.

पुढच्या पाडव्याला पुन्हा तेच दोघं समोरासमोर आले. या खेपेला डाव बराच लांबला. टाकत टाकत थाळ्यात दहा सुपाऱ्या जमल्या. शेवटची चार पानं उरली. त्यांतल्या एकावर मासा, आणि मासा आला तर डाव आवडाबाईचा. हैबतरावांपुढे दोनच सुपाऱ्या राहिल्या होत्या. पण त्या दोनही त्यांनी अशा आपटल्या की जणू दोनशे होत्या.

“सगळ्या! माझ्या सगळ्या! आता बोला!”

आवाज तोच होता. सुपाऱ्या मात्र तेवढ्या नव्हत्या. आवडाबाईने पुन्हा थाळ्याकडे पाहिलं. दहा आणि दोन, बारा. त्या बारांसाठी तिला दोन घालायच्या होत्या. चारदा असा डाव आला तर तीनदा दोन-दोन जाणार, म्हणजे सहा. एकदा बारा येणार. सहा देऊन बारा! तिने दोन सुपाऱ्या उचलल्या आणि शांतपणे थाळ्यात टाकल्या.

पान उघडलं. सिंह.

थाळा हैबतरावांकडे गेला आणि चावडीवर पुन्हा हशा पिकला. “लागनार असतं तवा घालत न्हाई, लागनार नसतं तवा घालते!” कुणीतरी ओरडलं. नरसूशेट मात्र या वेळी हसला नाही. तो ताडकन उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आवडाबाईच्या अंगणात आला. दिवाळी झाली की तांडा निघे. बैलांच्या पाठी झाडून, गोण्या शिवून तयारी चालू होती. नरसूशेट माणूस वाईट नव्हता. घराचं मीठ वाया जातंय, हे त्याला खरोखर सोसत नव्हतं.

“वैनी, रागावू नगा,” तो म्हणाला. “गेल्या साली भ्यालासा, अवंदा भुललासा. असल्या हिशेबानं तांडा बुडंल. मी पंचांशी बोललोय. उद्यापासनं कासरा माझ्या हाती. तुमी घरात बसा, तुमाला काय कमी पडू द्यायचा न्हाई.”

आवडाबाईच्या हातातली सुई थांबली. खारा वारा, घाटाचं तोंड, पुढच्या बैलाचा उबदार श्वास, सगळं एका क्षणात हातातून गेलं असं तिला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं. मग तिचा मूळ स्वभाव वर आला.

“भावजी,” तिने विचारलं, “मी भुलले म्हंता, ते नेमकं कशात?”

“कशात म्हंजे? चारात तीन पानं त्यांची हुती, एक तुमचं. शाना मानूस घालंल का दोन गोण्या?”

“म्हंजे असल्या डावात तुमी हैबतरावांच्या बाजूला बसाल?”

“डोळं झाकून!”

“मग बसा,” आवडाबाई म्हणाली. “आज दिवस मावळंपातुर तोच डाव माझ्याशी खेळा. चार पानं, त्यात एकच मासा. मासा न्हाई आला तर मी तुमाला दोन सुपाऱ्या द्यायच्या. मासा आला तर तुमी मला बारा. थाळ्यात बाराच हुत्या. तीन वाटा तुमच्या, एक माझी. दोघांच्या टोपल्या सारख्या भरू. दिवस मावळायला माझी टोपली तुमच्यापेक्षा हलकी झाली तर कासरा तुमचा, मी एक शब्द बोलनार न्हाई.”

नरसूशेटला आतून हसू आलं. तीन वाटा आपल्या, एक हिची! बाई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. तरी त्याने विचारलं, “आनि जड झाली तर?”

“तर कासरा माझा.”

दोन टोपल्या सुपाऱ्यांनी सारख्या भरल्या. पानं सरमिसळ करून उघडायला शेजारच्या कोंडाआजीला बसवलं, कारण आजीला मासा आणि सिंह यांतला फरक पान नाकाला लावल्याशिवाय कळत नसे. तिच्याकडून लबाडी व्हायची सोय नव्हती. गडी काम टाकून भोवती जमले. शेजारणी भाजी निवडायला तिथेच येऊन बसल्या.

पहिलं पान सिंह. दोन सुपाऱ्या नरसूशेटकडे. दुसरं वराह. दोन सुपाऱ्या नरसूशेटकडे. तिसरं पुन्हा सिंह. “बघा!” नरसूशेट म्हणाला. चौथ्या खेपेला मासा यायला हवा, असं सगळ्यांना वाटलं. पण चारात एक म्हणजे दर चौथ्याला एक असं पानांना कुणी सांगितलेलं नसतं. चौथंही गेलं. मग एकदा मासा आला, बारा सुपाऱ्या मिळाल्या, अंगणात जरा कुजबुज झाली. आणि त्यानंतर मासा जो बुडी मारून गेला तो वर यायलाच तयार होईना. सिंह, वराह, सिंह, कासव. डाव पुन्हा पुन्हा होत होता आणि आवडाबाईची टोपली रिकामी होत चालली होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिच्या टोपलीत मूठभर सुपाऱ्या राहिल्या. कोंडाआजी कुरकुरत होती, “अगं, माझं जेवान ऱ्हायलंय.” नरसूशेटला आता वहिनीची दया आली. दया आली की माणूस उदार होतो, आणि उदार झालेला माणूस भलतंच बोलून जातो.

“वैनी, कशाला दिस घालवताय?” तो म्हणाला. “एकाच पानावर मिटवू. आता मासा आला तर तांडा जन्मभर तुमचा, मी कवा तोंड उघडनार न्हाई. न्हाई आला तर कासरा माझा. हाय कबूल?”

भोवतीचे सगळे एकदम बोलायला लागले. “घ्या, काकू, घ्या! तसंबी जानारच हाय!” “एकदा हिंमत करा!” आवडाबाईलाही मोह झाला. टोपलीचा तळ दिसत होता, आणि एका पानात सगळा घोर संपणार होता. ‘जन्मभर’ हा शब्द तर कानात गोड घुमत होता.

तिने डोळे मिटले आणि नेहमीचा प्रश्न स्वतःला विचारला. मला घालायचं काय? तांडा. मिळणार काय? तोच तांडा, जो अजून तरी माझाच आहे, आणि वर दिराचं गप्प बसणं. आणि चारात तीनदा तो जाणार.

“न्हाई, भावजी,” ती म्हणाली. “दोन सुपाऱ्यांच्या जागी तुमी अख्खा तांडा मागताय, आनि बारांच्या जागी काय देताय? दोघांत लई फरक हाय. मी दोनच घालनार. हा डाव सोडला.”

“सोडला!” लोक चुकचुकले. चाल ती चाल. कोंडाआजीने पान उचललं, नाकाला लावलं आणि म्हणाली, “अगं बया. मासा की गं.”

एका शेजारणीने डोळ्याला पदर लावला. आवडाबाईलाही ते पान आतपर्यंत लागलं. घातलं असतं तर? जन्मभर! हा विचार तिच्या डोक्यात फिरून फिरून आला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि तिचं तोंड तर आता तीनदा पोळलं होतं. दुसरी कुणी असती तर पुढचं दोन सुपाऱ्यांचं साधं पानही भीतीने सोडून दिलं असतं, किंवा रागाने सगळं एकदम उधळलं असतं.

आवडाबाई एक घोट पाणी प्यायली. मग टोपलीत हात घालून दोन सुपाऱ्या काढल्या आणि थाळ्यात टाकल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

“पानं हलवा, आजी,” ती म्हणाली.

सिंह आला. पुन्हा दोन टाकल्या. मासा आला, बारा आल्या. पुन्हा सिंह, पुन्हा वराह, आणि लागोपाठ दोनदा मासा. गडी पुढे सरकून बसले. दुपार कलायला लागली तसा सगळा रंगच बदलला. म्हणजे पानांनी काही आवडाबाईची बाजू घेतली असं नव्हे. अजूनही जास्त वेळा नरसूशेटच जिंकत होता. पण त्याची जीत दोन सुपाऱ्यांची होती आणि तिची बारांची. तो चिमटीने गोळा करत होता आणि ओंजळीने देत होता. आवडाबाईची टोपली अर्धी झाली, मग भरली, मग वर शीग चढली.

नरसूशेटच्या कपाळाला आठी पडली. तो पानांकडे बघे, टोपल्यांकडे बघे. एकदा त्याने आजीच्या हातातली पानं घेऊन उलटसुलट करून पाहिली. चारच होती, मासा एकच होता.

“ह्यो काय परकार हाय?” अखेर तो म्हणाला. “जिंकतोय मी, आनि सुपाऱ्या तुमच्याकडं चालल्यात!”

आवडाबाईला हसू आलं. तिने जमिनीवर दोन-दोन सुपाऱ्यांचे तीन लहान ढीग मांडले आणि शेजारी बारांचा एक मोठा ढीग केला.

“हे चार डाव, भावजी. तीन मी हरले, हे सहा गेले. एक जिंकले, हे बारा आले. तुमी किती येळा जिंकलो ते बघत हुता. जिंकल्यावर किती येतं आनि हरल्यावर किती जातं, ते कुठं बघितलंत? आपली मिठाची खेपच बघा की. एखाद्या खेपेला पाऊस गाठतो, मीठ पानी हून जातं. म्हनून आपन खेप सोडतो व्हय?”

“न्हाई,” नरसूशेट सावकाश म्हणाला. “बाकीच्या खेपा ते भरून काढत्यात.”

“आनि समजा मिठापेक्षा वाटखर्चच जड व्हाया लागला, तर? एका खेपेला चांगला भाव मिळाला म्हनून जात ऱ्हाल?”

आता नरसूशेटलाही कुतूहलाची लागण झाली होती, आणि हा आजार एकदा जडला की लवकर उतरत नाही. तो मांडी सावरून बसला.

“मग गेल्या सालचा डाव खेळू या,” तो म्हणाला. “सोळासाठी बारा. मी तुमच्या जागी बसतो आनि घालतो. तवा कासव आलंच हुतं की.”

“बसा.”

त्याने बारा सुपाऱ्या मोजून घातल्या. आजीने पान नाकाला लावलं. “कासव!”

नरसूशेट उडालाच. “बघा! बघा! म्या म्हनत हुतो!” सोळा सुपाऱ्या त्याने अशा ओढून घेतल्या की अंगणातला कुत्रा दचकून उठला. आवडाबाईने फक्त मान हलवली. “छान आलं. पुन्हा घाला.”

त्याने पुन्हा बारा घातल्या. गेल्या. पुन्हा बारा. गेल्या. पुढच्या खेपेला घालताना त्याचा हात जरा घुटमळला. त्याही गेल्या. मग टोपलीत बाराच उरल्या, त्या त्याने बराच वेळ हातात खेळवल्या. घातल्या, आणि त्याही गेल्या. त्याने रिकामी टोपली उलटी करून पाहिली. दुपारी दया दाखवणारा नरसूशेट आता सुपारी चघळायलाही मागून घ्यायच्या पंगतीला आला होता.

“तुमी गेल्या साली भ्याला नव्हतासा तर,” तो हळूच म्हणाला.

“भ्याले हुते की,” आवडाबाई म्हणाली. “थाळा वाजला की मीबी दचकते. पन दचकून झाल्यावर मोजते.”

सूर्य खिंडीत टेकला. कोंडाआजी जेवायला गेली होती ती परत आली नव्हती. शेजारणींना आपापल्या चुली आठवल्या आणि अंगण मोकळं झालं. कुणाची टोपली जड आणि कुणाची हलकी, हे बघायला तराजूची गरज नव्हती. तरी नरसूशेट उठेना. त्याच्या मनात एक काटा राहिला होता.

“वैनी, एक इचारू? दुपारी तुमची टोपली रिकामी झालीच असती तर? पानं दिसभर उलटीच आली असती तर? तसंबी झालं असतं की न्हाई?”

“झालं असतं. का न्हाई?”

“मग तांडा गेला असता.”

“गेला असता,” आवडाबाई म्हणाली. “लई रडले असते, भावजी. चार रोज जेवन गेलं नसतं. पन मी चुकले, असं मात्र म्हनले नसते. एका पानावर तांडा लावायचा न्हाई म्हनून तर अख्खा दिवस मागितला तुमाला. त्याच्यापेक्षा जास्त मानसाच्या हातात काय असतंय?”

नरसूशेट जमिनीवरच्या ढिगांकडे बघत राहिला. दोन, दोन, दोन आणि बारा. आपण दोन वर्षं या बाईला कशावरून नावं ठेवली? एकदा एका कासवावरून आणि एकदा एका सिंहावरून. ती पानं उघडायच्या आधीच तिने जे करायचं ते केलं होतं. त्याला खरोखर लाज वाटली. आणि लाज वाटली तरी बरं वाटलं, कारण डोक्यातली एक गाठ सुटली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तांडा निघाला. बैलांच्या पाठीवर गुळाच्या ढेपा लादल्या होत्या. नरसूशेटने पुढच्या बैलाचा कासरा सोडवला आणि दोन्ही हातांनी वहिनीपुढे धरला. “पुढं तुमी चला, वैनी. मी शेपटाला येतो. वाटेत आनखी काय-काय इचारायचं हाय.” आवडाबाईने कासरा घेतला आणि पदर खोचला. तिला काय वाटलं ते सांगायला नको. तिने बैलाच्या मानेवर हात फिरवला आणि चालू लागली.

चावडीपुढे हैबतराव दात घासत उभे होते. आवडाबाई पुढे चाललेली आणि नरसूशेट शेवटच्या बैलामागची धूळ खात येतोय, हे बघून त्यांनी आपल्या मोठ्या आवाजात हाक घातली.

“काय नरसूशेट! काल वैनीसंगं हरलासा म्हनं!”

नरसूशेट थांबला. त्याने जरा विचार केला, आणि अगदी खरं तेच सांगितलं.

“न्हाई जी. दिसभर जिंकत हुतो.”

आणि तो बैलांमागे घाटाकडे चालू लागला. हैबतराव तोंडात बोट तसंच ठेवून, तांडा दिसेनासा होईपर्यंत विचार करत उभे राहिले.

तात्पर्य: समोरच्याने थाळा किती जोरात वाजवला हे पाहू नये, आपलं किती जाईल, हाती किती येईल आणि ते कितीदा येईल, हे मोजून पाऊल टाकावं. पाऊल बरोबर की चूक हे पान उघडण्याआधी ठरतं. पान उघडल्यावर कळतं ते फक्त नशीब.